मैफलीतला पॉप अल्बम, ऑडिओफाइल तबकडीवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना लाइव्ह अल्बम नव्यानं जाडजूड तबकडीवर आला की त्याच शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नुसतं हवेत बोलण्यापेक्षा हाताशी एक ठोस उदाहरण असलेलं बरं, म्हणून जमेल तिथे अमेरिकन गायक हॅरी बेलाफॉन्टे यांच्या 'बेलाफॉन्टे ॲट कार्नेगी हॉल' या १९५९ च्या जोड-अल्बमचा (दोन तबकड्यांच्या अल्बमचा) दाखला घेतला आहे.

'ऑडिओफाइल आवृत्ती' म्हणजे नक्की काय?

ऑडिओफाइल म्हणजे आवाजाच्या दर्जाचा शौकीन. पण त्यांच्यासाठीची आवृत्ती म्हणजे काय, याला अधिकृत व्याख्या नाही. कुणीही तो वेष्टनावर छापू शकतं, आणि छापतातही. चांगल्या अर्थानं घ्यायचं तर त्यात काही गोष्टींचं आश्वासन असतं. आवाज शक्य तितक्या मूळच्या टेपवरून घेतलेला असावा, सुई जिच्यातून फिरते ती खाच कोरणारा इंजिनिअर जाणकार असावा आणि तबकडी घाई न करता, निगुतीनं दाबलेली असावी. वजन, कव्हरचा पुठ्ठा, क्रमांक घातलेली मर्यादित आवृत्ती हे सगळं त्यानंतर.

गंमत म्हणजे वेष्टनावरच्या चिठ्ठीत हा क्रम नेमका उलटा असतो. '१८० ग्रॅम' मोठ्या अक्षरात, 'मर्यादित आवृत्ती' त्याखाली, आणि टेप कोणती वापरली हे तळाशी बारीक टायपात. कधी कधी तर तेही नसतं. चिठ्ठी खालून वर वाचायची सवय लावून घ्या.

उदाहरणाला हाच अल्बम का?

कारण लाइव्ह ध्वनिमुद्रणाच्या चांगल्या-अवघड अशा सगळ्या गोष्टी त्यात एकाच ठिकाणी सापडतात, आणि ऑडिओफाइल मंडळींचा तो कित्येक दशकं लाडका आहे.

१९ आणि २० एप्रिल १९५९ या दोन रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये शाळांच्या मदतीसाठी हे कार्यक्रम झाले. आरसीए व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीनं ते स्टीरिओत मुद्रित केले. स्टीरिओ एलपी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. स्टुडिओतसुद्धा लोक चाचपडत होते, आणि इथे बॉब सिम्पसन नावाचा इंजिनिअर वाद्यवृंद, कोरस, हिंडता-फिरता गायक आणि भरलेलं सभागृह एकाच वेळी टेपवर पकडत होता. त्या वर्षीचं ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी त्याला याच अल्बमसाठी मिळालं. ग्रॅमी सुरू होऊनही तेव्हा दुसरंच वर्ष होतं.

सभागृहाचीही एक गोष्ट आहे. १८९१ साली उघडलेलं, सुमारे २८०० आसनांचं कार्नेगी हॉल तेव्हा पाडलं जाण्याच्या बेतात होतं. व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न यांनी मोहीम चालवली आणि १९६० मध्ये न्यूयॉर्क शहरानं ते विकत घेऊन वाचवलं. पुढे १९८६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि त्यानंतर तिथला आवाज बदलल्याची कुरकूर बरीच वर्षं चालली. म्हणजे या टेपवर जे सभागृह ऐकू येतं, ते दुरुस्तीच्या आधीचं आहे. लाइव्ह अल्बमच्या चांगल्या आवृत्तीत गायकाच्या बरोबरीनं ही जागाही आपण विकत घेत असतो. हे एकदा ध्यानात आलं की खालची बरीचशी उत्तरं आपोआप सुटतात.

कॅलिप्सो, अमेरिकन लोकगीतं, हिब्रू आणि स्पॅनिश गाणी असा सगळा ऐवज त्यात आहे. याला पॉप म्हणायचं का, असंही कुणी कुणी विचारतं. त्या काळात हेच पॉप होतं. बेलाफॉन्टे यांच्या १९५६ च्या 'कॅलिप्सो' अल्बमनं खपाचे उच्चांक केले होते.

लाइव्ह अल्बम तबकडीवर उतरवणं स्टुडिओ अल्बमपेक्षा अवघड असतं का?

हो. बरंच. आणि मुख्य अडचण गायकाची नसते, टाळ्यांची असते.

तबकडी कोरताना खर्जाचे आवाज मुद्दाम दाबतात आणि तार आवाज उचलतात. घरचा फोनो प्रीॲम्प्लिफायर ते बरोबर उलटं करून पूर्ववत करतो. १९५४ पासून सगळीकडे एकच ठरलेला आरआयएए आलेख यासाठी वापरतात. त्यात २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कपात आणि २० हजार हर्ट्झला तेवढीच वाढ असते. आता टाळ्या म्हणजे काय, तर हजारो बारीक तडतडी, सगळ्या तार पट्टीत, आणि सलग मिनिटभर. त्यावर ही वाढ चढली की कोरणाऱ्या हेडमधली वेटोळी तापायला लागतात. ती जळू नयेत म्हणून त्यांच्यावर हेलियम वायूचा झोत सोडतात. शिट्ट्या तर आणखी वाईट. चांगला इंजिनिअर नेमकी ती शिट्टी तेवढी दाबतो. आळशी माणूस अख्ख्या बाजूचे तार सूर कापून मोकळा होतो, आणि मग झांजा कापडात गुंडाळल्यासारख्या वाजतात.

दुसरी अडचण खर्जाची. प्रेक्षकांसाठी टांगलेले माइक रंगमंचापासून लांब असतात. तोच ढोल त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो आणि डाव्या-उजव्या बाजूंत त्याच्या लहरी एकमेकींच्या उलट पडू शकतात. स्टीरिओ खाचेत दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज सुईला आडवा हलवतो आणि उलट लहरींचा आवाज वर-खाली हलवतो. खर्ज असा वर-खाली झाला की खाच मध्येच इतकी उथळ होते की सुई उडते. त्यावर तोडगा म्हणून ठरावीक पट्टीखालचा आवाज, बहुतेकदा १५० हर्ट्झच्या आसपासपासून, मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच, करून टाकतात. हे बेतानं केलं तर कुणाला कळतही नाही. जास्त झालं की सभागृहाची रुंदी आक्रसते. कार्यक्रम दिवाणखान्यात झाल्यासारखा वाटायला लागतो.

तिसरी अडचण भूमितीची आहे. ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. अगदी आतल्या टोकाला तीच २१ सेंटिमीटरवर येते. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, मग तार सूर फाटणारच. आणि मैफलीचा शेवट तर नेहमी जोरकस. सगळ्यात दाट आवाज, सगळ्यात मोठ्या टाळ्या, आणि त्यांच्या वाट्याला तबकडीची सगळ्यात वाईट जागा! बेलाफॉन्टे यांच्या अल्बमचा शेवट 'मटिल्डा'नं होतो. अकरा मिनिटांहून मोठं गाणं, त्यात ते श्रोत्यांचे गट पाडून गाऊन घेतात. बाल्कनीतले वेगळे, चाळिशीच्या पुढच्या बायका वेगळ्या. कधी हळू, कधी मोठ्यानं. चांगल्या कटिंगमध्ये बाल्कनी खरोखर वर आणि मागे ऐकू येते. वाईट कटिंगमध्ये सगळे एकाच खोक्यात बसलेले असतात. नवी आवृत्ती पारखायची असेल तर पहिलं गाणं लावू नका, चौथ्या बाजूची शेवटची तीन मिनिटं लावा.

'मूळ मास्टर टेपवरून' असं लिहिलेलं असतं. मूळ म्हणजे कितपत मूळ?

हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न.

एका अल्बमच्या टेपा अनेक असतात. कार्यक्रमाच्या रात्री फिरलेली टेप ही पहिली. त्यातून निवडक गाणी कापून, चिकटपट्टीनं जोडून संपादित टेप तयार होते. एकाहून जास्त रात्री मुद्रित झाल्या असतील, जशा इथे दोन होत्या, तर या रात्रीचं एक आणि त्या रात्रीचं एक असं जोडकाम असतं. पुढे अनेक ट्रॅकचं मुद्रण असेल तर दोन ट्रॅकवर उतरवलेलं मिक्स. त्याची सुरक्षेसाठी काढलेली प्रत. कटिंगसाठी खर्ज-तार आधीच जुळवून घेतलेली प्रत. आणि परदेशातल्या कंपन्यांना पाठवलेल्या प्रतींच्या प्रती. प्रत्येक पायरीला थोडी सळसळ वाढते आणि थोडी धार जाते. 'मूळ टेप' हे शब्द यातल्या कुठल्याही टेपला चिकटवता येतात. म्हणून चिठ्ठीवर कोणती पिढी, कुणी कोरली, कुठे कोरली, हे स्पष्ट लिहिलेलं असेल तर ती कंपनी काहीतरी लपवत नाही असं धरायला हरकत नाही. नुसतंच 'मूळ ॲनालॉग स्रोत' असं मोघम असेल तर मी जरा सावध होतो.

टेप टिकली आहे का, हाही सवाल आहेच. १९७० आणि ८० च्या दशकातल्या काही टेपांचा चिकट थर हवेतला ओलावा शोषून घेतो आणि टेप यंत्रावर कचकचत अडकते. मग ती साधारण ५०-५५ अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद शेकतात, की काही दिवसांपुरती वाजवता येते. १९५० च्या दशकातल्या ॲसिटेट टेपांना हा रोग नाही. त्या ठिसूळ होतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा वास यायला लागतो. त्या शेकायच्या नसतात. आणि काही टेपा उरलेल्याच नाहीत. जून २००८ मध्ये हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत ध्वनिमुद्रणांचं एक अख्खं गोदाम जळलं.

सगळी साखळी ॲनालॉग ठेवणं एवढं कठीण का असतं?

कारण कोरणाऱ्या यंत्राला पुढे काय येणार ते आधी कळावं लागतं. मोठा आवाज यायचा असेल तर दोन खाचांमध्ये जास्त जागा सोडायची, हळू असेल तर कमी. त्यासाठी टेप यंत्राला दोन वाचन-हेड लागतात. पहिल्यावरचा आवाज फक्त यंत्राला इशारा देतो. मग टेप जादा चाकांवरून वळसा घेत येते आणि दुसऱ्या हेडवरचा आवाज प्रत्यक्ष कोरला जातो. अशी यंत्रं आता मोजकी उरली आहेत आणि ती दुरुस्त करणारे त्याहून मोजके.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक ठिकाणी त्यावर सोपी युक्ती निघाली. दुसरं हेड नको, डिजिटल विलंब-यंत्र लावा. यंत्राला इशारा थेट टेपवरून आणि कोरायचा आवाज मात्र डिजिटलमधून जाऊन उशिरा येणारा! म्हणजे 'जुनी, अस्सल ॲनालॉग' म्हणून जपलेल्या ८० च्या दशकातल्या काही एलपी मुळात डिजिटलमधून गेलेल्याच आहेत. हे सांगितलं की काही जणांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मग मध्ये डिजिटल पायरी असली तर ती फसवणूक का?

पायरी ही फसवणूक नाही. न सांगणं ही आहे.

जुलै २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या नामांकित अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरांनी मान्य केलं की त्यांच्या अनेक तबकड्या मूळ टेपवरून थेट न कोरता मध्ये डीएसडी या डिजिटल रूपात साठवून कोरल्या जात होत्या. खूप मोठा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. पण यातली विसंगती अशी, की याच तबकड्यांना वर्षानुवर्षं 'ॲनालॉगची ऊब' म्हणून वाहवा मिळत होती. कानांना काही खुपलं नव्हतं. ग्राहक चिडले ते पैसे एका गोष्टीचे घेऊन दुसरी दिल्याबद्दल, आणि त्यांचं बरोबरच होतं.

नाजूक, जोडांनी भरलेली लाइव्ह टेप एकदाच नीट वाजवून उच्च दर्जाच्या फाइलमध्ये उतरवली आणि त्यावरून निवांत कोरलं, तर निकाल उत्तम येऊ शकतो. जोड सुटायची धास्ती नाही, हवं तितक्या वेळा कोरून पाहता येतं. फक्त तसं लिहा.

१८० ग्रॅममुळे आवाज सुधारतो का?

नाही. खाच तेवढीच खोल, तेवढीच रुंद असते. जाड तबकडी कमी वाकते आणि हातात भारदस्त लागते, एवढंच. साधी तबकडी १२० ते १४० ग्रॅमची असते आणि नीट दाबलेली असेल तर ती वाईट दाबलेल्या १८० ग्रॅमला सहज हरवते.

३३ फेऱ्यांची घ्यावी की ४५ ची?

४५ फेऱ्यांवर बाहेरचा वेग सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर आणि आतला २८ होतो. तार सूर मोकळे होतात, टाळ्या टाळ्यांसारख्या वाजतात. तांत्रिकदृष्ट्या वाद नाही.

पण बाजूला बारा-पंधरा मिनिटंच मावतात. दोन तबकड्यांचा कार्यक्रम चार तबकड्यांवर जातो, आठ बाजू होतात. मैफल म्हणजे चढत जाणारी गोष्ट. गायक श्रोत्यांना हळूहळू ताब्यात घेतो, आणि आपण दर बारा मिनिटांनी उठून सुई उचलतोय. स्टुडिओ अल्बमला मी ४५ घेईन. लाइव्हला, कटिंग चांगलं असेल तर, ३३ च. ज्यांना एकेक गाणं सुटं ऐकायचं असतं त्यांनी खुशाल उलटं करावं.

माझ्या जुन्या जोड-अल्बमात पहिल्या तबकडीच्या मागे चौथी बाजू आहे. छपाईची चूक?

चूक नाही. जुन्या चेंजर टर्नटेबलवर तबकड्या एकावर एक रचून ठेवत. बाजू १ संपली की बाजू २ वरून पडायची. मग सगळी थप्पी उलटून ३ आणि ४. म्हणून १ च्या मागे ४ आणि २ च्या मागे ३. नव्या आवृत्त्यांत बहुधा सरळ क्रम असतो.

लाइव्ह अल्बम खरोखर जसा घडला तसाच असतो का?

क्वचितच. दोन रात्रींचं मिश्रण तर सर्रास. त्याशिवाय चुकलेला सूर नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन बसवणं, टाळ्या लांबवणं, गाण्यांचा क्रम बदलणं हेही होतं. सायमन आणि गारफंकेल या गायक-जोडीच्या न्यूयॉर्कमधल्या सेंट्रल पार्कच्या १९ सप्टेंबर १९८१ च्या कार्यक्रमाला सुमारे पाच लाख लोक होते. एका नव्या गाण्याच्या मध्येच एक माणूस रंगमंचावर धावून आला. चित्रफितीत ते गाणं आहे, १९८२ च्या अल्बमात नाही.

उलट उदाहरण अमेरिकन गायक सॅम कुक यांचं. जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबातलं त्यांचं घामाघूम गाणं मुद्रित झालं आणि कंपनीनं ते बासनात ठेवलं. १९६४ मध्ये कोपाकबाना क्लबातला त्यांचा सभ्य, इस्त्री केलेला कार्यक्रम मात्र बाजारात आला. मायामीची टेप लोकांपर्यंत पोचली १९८५ मध्ये, गायक जाऊन वीस वर्षं झाल्यावर. आज लोक जपून ठेवतात ती हीच.

पुनर्प्रकाशनात म्हणूनच 'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' यांतला फरक बघा. रीमास्टर म्हणजे तयार दोन-ट्रॅक टेपवर शेवटचा हात. रीमिक्स म्हणजे मूळ सुटे ट्रॅक घेऊन नव्यानं मांडणी. लाइव्ह अल्बमच्या रीमिक्समध्ये पहिला बळी जातो तो सभागृहाचा. श्रोते मागे ढकलले जातात, गायक पुढे, स्वच्छ आणि एकटा.

१९५९ ची मूळ प्रत शोधावी की नवी घ्यावी?

मूळ प्रतीचा एक फायदा निर्विवाद आहे: टेप ताजी असताना ती कोरली गेली. आरसीएच्या त्या काळच्या शास्त्रीय संगीताच्या स्टीरिओ प्रतींवर लेबलातल्या कुत्र्यामागे छटा असते, त्यावरून संग्राहक त्यांना 'शेडेड डॉग' म्हणतात. आरसीएच्या प्रतींवर शेवटच्या रिकाम्या पट्टीत क्रमांकापुढे '१एस', '२एस' असं कोरलेलं असतं. तो कितवं कटिंग हे सांगतो. '१एस'साठी लोक वाटेल ते मोजतात, पण '५एस' अधिक चांगली वाजल्याचीही उदाहरणं आहेत.

खरी अडचण अशी की हा अल्बम घरोघरी प्रचंड वाजला, आणि तोही जड टोनआर्म आणि बोथट सुयांवर. वरून चकचकीत दिसणाऱ्या तबकडीची खाच आतून घासलेली असते. ती कळते मोठ्या आवाजाला. बेलाफॉन्टे सूर चढवतात आणि त्याच्या कडेला खरखर उमटते, हळू गातात तेव्हा नाही. ही खरखर धुऊन जात नाही. न घासलेली मूळ प्रत मिळाली तर जरूर घ्या. नाहीतर चांगली नवी आवृत्ती कमी डोकेदुखीची.

रिकाम्या पट्टीत कोरलेल्या अक्षरांवरून आणखी काय कळतं?

कटिंग इंजिनिअरच्या सहीची आद्याक्षरं. बॉब लडविग यांची 'आरएल', बर्नी ग्रुंडमन यांची 'बीजी', केव्हिन ग्रे यांची 'केपीजी'. तबकडी तिरकी धरून उजेडात बघा, हाताने खरडलेली असतात. वेष्टनावरची चिठ्ठी जाहिरात खातं लिहितं. ही अक्षरं मात्र ज्यानं काम केलं त्याच्या हातची असतात.

'वन-स्टेप' म्हणजे काय?

नेहमीच्या पद्धतीत कोरलेल्या लॅकरवरून (ज्या मऊ लेपाच्या तबकडीवर आवाज प्रथम कोरतात तिच्यावरून) धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलट, आणि त्यावरून पुन्हा उलटा दाबसाचा, अशा तीन पिढ्या होतात. वन-स्टेपमध्ये पहिलाच उलटा साचा दाबायला घेतात. दोन पिढ्या वाचल्यामुळे पृष्ठभाग शांत येतो. पण साचा झिजला की नवा निघत नाही, पुन्हा कोरावंच लागतं, म्हणून प्रती कमी आणि किंमत जास्त. लॅकरचाही तुटवडा पडला. कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला आणि जगाची भिस्त मुख्यतः जपानमधल्या एका कारखान्यावर आली.

नवी कोरी तबकडी आवाज करते. परत करावी का?

आधी घड्याळ लावा. ३३ ची तबकडी एक फेरी १.८ सेकंदात पुरी करते. टक् आवाज बरोबर त्या अंतरानं पुन्हा येत असेल तर ओरखडा किंवा दाबण्यातला दोष. कसाही, कुठेही येत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. ते धुऊन जातं.

कापड फाटल्यासारखा टर्रर्र आवाज काही सेकंद येत असेल तर प्लास्टिक खाचेत पूर्ण भरलेलं नाही. दिव्याखाली तिरकं धरलं की तिथे राखाडी ठिपक्यांची पट्टी दिसते. याला इलाज नाही, परत करा.

भोक मध्यभागी नसेल तर टोनआर्मकडे बघत बसा. दर फेरीला डावीकडे-उजवीकडे डुलताना दिसेल. पियानोवर किंवा लांबवलेल्या सुरावर आवाज हलतो. थोडा डोल बहुतेक तबकड्यांत असतो, कानाला जाणवला तरच तक्रार करा.

गाणं सुरू व्हायच्या आधी तेच गाणं अगदी हळू ऐकू येतं. भास?

भास नाही. टेप गुंडाळून ठेवली की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं. म्हणूनच टेपा शेवटाकडून गुंडाळलेल्या ठेवतात, म्हणजे हा प्रतिध्वनी आधी न येता नंतर येतो आणि मूळ आवाजाखाली झाकला जातो. तबकडीतही असंच होतं. शेजारच्या मोठ्या आवाजाच्या खाचेनं भिंत किंचित वाकते. पडसाद बरोबर १.८ सेकंद आधी आला तर दोष तबकडीचा, नाहीतर टेपचा. लाइव्ह अल्बमात टाळ्यांमुळे तो बहुधा लपतो.

रंगीत तबकडी चालेल?

चालेल. चित्र छापलेली मात्र टाळा, तिच्या वरच्या पातळ थरामुळे सळसळ जास्त येते.

सुई कोणती असावी?

शंकूच्या आकाराची साधी सुई आतल्या खाचांत हरते. किमान लंबगोलाकार, जमल्यास बारीक धारेची लाइन-कॉन्टॅक्ट. पण सुईपेक्षाही ती बसवणं महत्त्वाचं. प्रचलित मांडणीत सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर खाचेला अगदी सरळ असते. छापील पट्टी मिळते, तिच्यावर कार्ट्रिज जुळवून घ्या. वजन कार्ट्रिज बनवणाऱ्यानं दिलेल्या मर्यादेत, आणि शंका असेल तर मर्यादेच्या वरच्या टोकाकडे. हलकी सुई तबकडी वाचवते हा समज चुकीचा आहे, कमी वजनाची सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त ओरबाडते.

धुवायची कशी?

ऊर्ध्वपातित पाणी, त्यात थेंबभर सौम्य द्रव, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनं. अल्कोहोल घालायचं तर अगदी थोडं. जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. नवी तबकडीही एकदा धुवा, कागदी पिशवीचा भुसा तिच्यावर असतोच.

सीडी किंवा हाय-रिझोल्यूशन फाइल यापेक्षा हे खरंच चांगलं आहे का?

मोजमापात नाही. सीडीचा आवाका, म्हणजे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल, तबकडीचा फार तर ६०-७०. सीडीवर खर्ज मोनो करावा लागत नाही, शेवटचं गाणं पहिल्याइतकंच स्वच्छ.

तरी तबकडी अनेकदा सरस वाटते, कारण मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, वेगळं असतं. सीडीच्या आवृत्त्या १९९० नंतर जोरात वाजाव्यात म्हणून दाबून सपाट केल्या गेल्या. मैफलीत त्याचा परिणाम भयंकर होतो. गायकाची कुजबुज आणि टाळ्यांचा कडकडाट एकाच उंचीचे. तबकडीसाठी ते टाळलं गेलं असेल तर ती जिंकते. टाळलं नसेल, तर तुम्ही सीडीच घेतली आहे, फक्त गोल आणि काळी.

एक सूचना. आवाजाचा चढ-उतार मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधले आकडे दाखवून तबकडी श्रेष्ठ ठरवू नका. एकाच मास्टरवरून बनवलेल्या तबकडीचा आकडासुद्धा फाइलपेक्षा जास्त येतो. सुई-खाचेच्या खेळात लहरींचा आकार बदलतो म्हणून, खरा चढ-उतार वाढला म्हणून नव्हे.

जास्तीची गाणी असलेली आवृत्ती घ्यावी का?

जास्तीची गाणी वेगळ्या तबकडीवर असतील तर घ्या. तीच बाजू लांबवून कोंबली असतील तर नको. बाजू २२ मिनिटांच्या पुढे गेली की आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि सळसळ वर येते. कव्हरच्या मागे वेळ छापलेली असते, बेरीज करून बघा.

प्लास्टिकचं वेष्टन न काढता जपून ठेवली तर?

घट्ट वेष्टन वर्षानुवर्षं आवळत राहतं, कव्हर वाकतं आणि मग तबकडीही. काढून टाका, आतली कागदी पिशवी बदलून गुळगुळीत अस्तराची घाला, उभी ठेवा. पीव्हीसीची बाहेरची पिशवी वापरू नका, ती तबकडीवर धुरकट डाग पाडते. आणि आल्या आल्या सगळ्या बाजू शेवटपर्यंत वाजवून बघा. दोष निघाला तर परतीची मुदत संपायच्या आत कळलेला बरा.